सूची, संगणक आणि ‘ळ’ची जागा

आमच्या शाळेच्या ग्रंथालयाची जुनी नोंदवही जीर्ण झाली, तेव्हा तिच्यातील सर्व नोंदी संगणकात उतरविण्याचे काम आम्ही हाती घेतले. निम्मे काम आमच्या गणितशिक्षकांनी केले, निम्मे वरच्या वर्गातील मुलांनी. काम संपल्यावर थोड्याच दिवसांनी सातवीतला एक मुलगा ‘ॲटलास’ मागावयास आला. त्याने शब्द टंकिला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, “सर, यंत्र नाही म्हणते.” ॲटलास तर त्याच्या पाठीमागील कपाटात होता. मुलगा मात्र यंत्रावर विश्वास ठेवून परत निघाला होता. जे पुस्तक सापडत नाही ते वाचकापुरते नसल्यासारखेच, ही गोष्ट ग्रंथालय सांभाळणारास नवी नाही. परंतु येथे चूक कोणाची, याचा शोध घेता घेता आम्हांस जे समजले, ते आमच्या शिक्षकबंधूंस व अकादमीच्या सभासदांस सांगण्याजोगे वाटते.

संगणकातील माहितीच्या संग्रहास डेटाबेस म्हणतात. त्यात प्रत्येक पुस्तकाची एक ओळ असते आणि ओळी बहुधा ज्या क्रमाने भरल्या त्याच क्रमाने राहतात. एखादे पुस्तक शोधावयाचे तर यंत्रास पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचीत जावे लागते. हे टाळण्यासाठी त्या संग्रहाशेजारी दुसरी एक लहान वस्तू निर्माण करतात. तिला इंडेक्स, म्हणजेच सूची, म्हणतात. तिच्यात पुस्तकांची नावे क्रमाने लावलेली असतात आणि प्रत्येक नावापुढे मूळ ओळीचा ठिकाणा असतो. शब्दकोश उघडताना आपण मधले पान पाहतो आणि मग मागे अथवा पुढे जातो. यंत्र तसेच करते. एक लाख नोंदी असल्या तरी निम्मेनिम्मे करीत गेल्यास १७ तुलनांत काम भागते. या कामासाठी बहुतेक डेटाबेस वृक्षाकार मांडणी वापरतात. ती रुडॉल्फ बायर आणि एडवर्ड मॅक्क्राइट यांनी १९७२ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधातून रूढ झाली.

या साऱ्या सोयीचा आधार एकच आहे, तो म्हणजे क्रम. ‘हा शब्द आधी की तो’ या प्रश्नाचे उत्तर यंत्रास निश्चित ठाऊक असले पाहिजे. मग मराठी शब्दांचा क्रम यंत्र कोठून घेते? यंत्राला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. युनिकोड नावाच्या जागतिक संकेतात प्रत्येक अक्षरास एक क्रमांक दिलेला आहे. त्यातील देवनागरीची मांडणी १९८८ च्या भारतीय संकेतावरून घेतलेली असून, तो संकेत अनेक भारतीय लिप्यांस सामाईक असा आखलेला होता. त्यात ‘ल’ २३५४ वर आहे, ‘ळ’ २३५५ वर आणि ‘ह’ २३६१ वर. आपण मुलांना ‘ह’नंतर ‘ळ’ शिकवितो. यंत्राच्या हिशेबी ‘ळ’ हा ‘ल’चा शेजारी ठरतो. त्यामुळे यंत्र ‘काल, काळ, काव्य, काशी, काहूर’ अशी रांग लावते. आपल्या वर्णमालेप्रमाणे ती ‘काल, काव्य, काशी, काहूर, काळ’ अशी हवी. ‘ज्ञानेश्वरी’ शेवटी शोधावी तर ती ‘ज’च्या पोटात सापडते, आणि ‘क्ष’चे शब्द ‘ख’च्या अलीकडे जाऊन बसतात.

‘ॲ’ची गोष्ट याहून विचित्र आहे. या अक्षरास मागाहून क्रमांक मिळाला, तो २४१८. म्हणून ‘ॲटलास’ हा शब्द स्वरांत न येता ‘ह’च्याही पलीकडे जातो. इतकेच नव्हे, तर हेच अक्षर ‘अ’ काढून त्यावर चंद्र देऊनही लिहिता येते. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात. यंत्राला मात्र एके ठिकाणी एक आकडा दिसतो, दुसऱ्या ठिकाणी दोन. आमच्या ॲटलासचा घोटाळा नेमका हाच होता. नोंद करणाराने एका रीतीने लिहिले आणि मागणाऱ्या मुलाने दुसऱ्या. यंत्र आपल्या परीने खरेच बोलत होते.

याला उपाय आहे, आणि तो साध्या शाळेच्या आवाक्यातला आहे. आमचा संग्रह ‘एस्क्यूएलाइट’ या डेटाबेसमध्ये आहे. रिचर्ड हिप यांनी २००० साली तो प्रथम प्रसिद्ध केला आणि तो विनामूल्य मिळतो. त्यास आज्ञा देण्यासाठी आम्ही ‘पायथन’ ही भाषा वापरतो. गिडो व्हॅन रॉसम यांनी ती १९९१ साली प्रसिद्ध केली. या दोहोंमध्ये एक जोडणी आहे, जी २००६ पासून पायथनबरोबरच मिळते. तिला बाइंडिंग म्हणतात. आमच्यासारख्या सीमेवरील माणसास ‘दुभाषा’ हा शब्द अधिक जवळचा वाटतो. या दुभाष्याच्या द्वारे डेटाबेसला सूची निर्माण करावयास सांगता येते, कोणत्या सूची आहेत हे विचारता येते, आणि अमुक शोध घेताना सूची वापरली जाईल की सर्व ओळी वाचल्या जातील, हेही आधी पाहता येते.

पण त्याचा खरा उपयोग याहून मोठा आहे. तुलनेचा नियमच आपल्याला लिहून देता येतो. पायथनमध्ये एक लहानशी कृती लिहावयाची. तिला दोन शब्द द्यावेत आणि तिने उत्तर द्यावे: पहिला आधी असल्यास ऋण संख्या, नंतर असल्यास धन संख्या, दोन्ही समान असल्यास शून्य. आम्ही आपल्या वर्णमालेची एक यादी केली, प्रत्येक वर्णास तीतील स्थान दिले, ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ हे एकेक वर्ण मानले, आणि ‘ॲ’च्या दोन्ही रूपांस एकच स्थान दिले. या नियमास नाव देऊन तो डेटाबेसच्या स्वाधीन केला, पुस्तकाच्या नावाच्या रकान्यास तो लागू केला आणि त्याच नियमाने सूची नव्याने बांधविली. त्यानंतर ॲटलास कोणत्याही रीतीने लिहिला तरी सापडू लागला.

येथे तीन गोष्टींचे भान ठेवावे लागते. पहिली ही की नियम डेटाबेसमध्ये साठत नाही, त्याचे केवळ नाव तेथे राहते. प्रत्येक वेळी संग्रह उघडताना पायथनने तो पुन्हा सांगावा लागतो. न सांगितल्यास ‘असा क्रम मला ठाऊक नाही’ अशा अर्थाची तक्रार येते. दुसरी अशी की नियम सुसंगत असला पाहिजे. पहिला शब्द दुसऱ्याच्या आधी आणि दुसरा तिसऱ्याच्या आधी असेल, तर पहिला तिसऱ्याच्या आधी आलाच पाहिजे. तिसरी सर्वांत महत्त्वाची. नियम पुढे बदलला तर सूची आपोआप बदलत नाही. जुन्या क्रमाने लावलेल्या रांगेत यंत्र नव्या क्रमाने शोधू लागते, चुकीच्या बाजूस वळते आणि असलेल्या पुस्तकास ‘नाही’ म्हणते. म्हणून नियम बदलताच सूची पुन्हा बांधण्याची आज्ञा द्यावी. ही आज्ञा एका ओळीची आहे, आणि ती विसरण्यासही तेवढाच वेळ लागतो.

आता यंत्राचा भाग संपला आणि आपला सुरू झाला. यंत्राने आम्हांस विचारले, तुमचा क्रम कोणता? तेव्हा उत्तर देताना आम्हीच अडखळलो. ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’ स्वतंत्र मानून शेवटी ठेवावेत की ‘क’ आणि ‘ज’खाली घालावेत, अनुस्वारयुक्त शब्द कोठे लावावेत, याविषयी आपल्या कोशकारांत एकवाक्यता नाही. महाराष्ट्र शासनाने २००९ साली प्रमाणित वर्णमाला जाहीर केली. तीत ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना स्वरांत स्थान मिळाले, आणि ‘ह’नंतर ‘ळ’ कायम राहिला. आम्ही तीच आधारास घेतली. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, तेव्हा असे प्रश्न सूचीकाराने स्वतःच्या बुद्धीने सोडवावयाचे होते. आज ते सोडविले नाहीत, तर आपल्या वतीने कोणी तरी परस्पर सोडवून टाकतो आणि आपल्याला कळतही नाही.

आमच्या पांढुर्णा–सौसर भागात या प्रश्नास आणखी एक पदर आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आमचे पुष्कळसे विद्यार्थी घरी मराठी बोलतात आणि शाळेत हिंदी वाचतात. आमच्या कपाटात दोन्ही भाषांची पुस्तके एकमेकांस टेकून उभी आहेत. क्रम मराठीचा ठेवावा की हिंदीचा, यावर आमच्या शिक्षकांच्या बैठकीत बराच वाद झाला. त्याचे उत्तर डेटाबेसनेच दिले. एकाच संग्रहावर दोन सूची बांधता येतात, एक या क्रमाची, दुसरी त्या क्रमाची. मागणारा ज्या क्रमाने यादी मागेल, त्या क्रमाची सूची यंत्र वापरते. पुस्तके तीच राहतात; कोणत्याही भाषेस दुसरीसाठी जागा सोडावी लागत नाही.

आमची विनंती एवढीच आहे की ज्या शाळांत व ग्रंथालयांत नोंदी संगणकावर जात आहेत, तेथील शिक्षकांनी नोंदी भरण्यापूर्वी आपला वर्णक्रम कागदावर लिहून काढावा आणि मगच तो आज्ञावलीत घालावा. अकादमीने असा एक सर्वमान्य क्रम ठरवून दिल्यास प्रत्येक शाळेस तो नव्याने ठरवावा लागणार नाही. आमचा सातवीतला मुलगा आता नववीत आहे. ग्रंथालयाच्या नव्या नोंदी तोच करतो, आणि ‘ॲ’ लिहिताना तो क्षणभर थांबतो, असे आम्ही पाहिले आहे.