कॉपी केलेलं राहतं कुठे?

पायथॉनमधून क्लिपबोर्डवर मजकूर ठेवायचा तर ‘पायपरक्लिप’ बसवा. दोन ओळींत काम होतं. ही लायब्ररी स्वतः फारसं करत नाही म्हणा, ज्या त्या घरच्या गड्याला हाक मारते. विंडोजवर थेट सिस्टीमची फंक्शन्स, मॅकवर ‘पीबीकॉपी’ आणि ‘पीबीपेस्ट’. खरी गंमत लिनक्सवर. तिथल्या जुन्या एक्स-११ पद्धतीत मजकूर एका जागी साठवलाच जात नाही. कॉपी करणारा प्रोग्रॅम नुसतं ‘माझ्याकडे आहे’ म्हणतो. पेस्ट करताना मजकूर त्याच्याकडून मागून आणायचा. क्लिपबोर्ड मॅनेजर नसेल आणि प्रोग्रॅम बंद झाला, की मजकूरही गेला! म्हणून पायपरक्लिप इथे ज्यांना हाक मारतं, त्यांतला ‘एक्सक्लिप’ हा छोटा प्रोग्रॅम पडद्यामागे जागा राहतो. तो किंवा त्याच्यासारखं दुसरं साधन बसवलेलं नसलं, तर पायपरक्लिप बिचारं एरर दाखवून मोकळं होतं. तेव्हा लिनक्सवाल्यांनो, आधी त्यांतलं एखादं बसवा.