सुट्टीतले काम आणि मुलाचे मन

दहावीची परीक्षा संपली की पालक हमखास विचारतात, "डॉक्टर, पोराला दोन महिने दुकानात लावू का? वाईट वळण तर लागणार नाही ना?" मी उलट विचारतो, किती तास? आणि शिकवणारे कोणी आहे का?

अमेरिकेत शाळकरी मुले सर्रास नोकऱ्या करतात. एलन ग्रीनबर्गर व लॉरेन्स स्टाइनबर्ग या अभ्यासकांनी १९८६ साली दाखवून दिले, की आठवड्याला वीस तासांहून अधिक राबणाऱ्या मुलांचा कामावरचा विश्वास वाढण्याऐवजी उडू लागतो. मालकाला थोडे फसवले तर काय बिघडले, अशी वृत्ती बळावते. सिगारेट-दारूही जवळ येते. अर्थात, अभ्यासात मन नसलेली मुलेच जास्त तास काम धरतात, हेही खरे. पुढे जेलन मॉर्टिमर यांनी मिनेसोटातील सेंट पॉल शहरातील सुमारे हजार मुलांचा १९८८ पासून वर्षानुवर्षे मागोवा घेतला. थोडे तास पण नेमाने काम करणारी मुले पुढे शिक्षणातही टिकली. काही शिकवणाऱ्या कामाने आत्मविश्वास वाढला.

आपल्याकडे हे नवे नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांची 'कमवा आणि शिका' योजना घरोघरी ठाऊक आहे. तेथे श्रम शिक्षणासाठी होते, शिक्षणाच्या बदल्यात नव्हते.

माझा अनुभवही असाच आहे. मोटार गॅरेजमध्ये मिस्त्री "हा आवाज ऐक, बेअरिंग गेलंय" असे सांगतो, तेथील मुलगा घरीही तेच बोलत राहतो. दिवसभर नुसते "झाडू मार, चहा आण" ऐकणारा मुलगा मात्र काम म्हणजे कटकट, असेच ठरवून बसतो. ठरलेला पगार वेळेवर मिळाला नाही तर विचारायलाच नको.

लग्नसराईत रात्री एकपर्यंत वाढपी म्हणून उभी राहणारी मुले मी पाहतो. या वयात आठ ते दहा तास झोप लागते. ती तुटली की चिडचिड, डोकेदुखी, भूक मंदावणे सुरू होते, आणि आपण म्हणतो पोरगा आळशी झाला! कायद्यानेही १४ ते १८ वयाच्या मुलांना संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळात कामावर ठेवता येत नाही, दिवसाला विश्रांती धरून सहा तासांपलीकडेही नाही. धोक्याची कामे तर वर्ज्यच. चौदाच्या आतील मुलाला नोकरीला ठेवणे हा २०१६ च्या दुरुस्तीनंतर, काही अपवाद वगळता, गुन्हा आहे.

तेव्हा मुलगा कामावरून आला की "किती मिळाले?" याआधी "आज काय शिकलास?" असे विचारा. सलग आठवडाभर त्याला काहीच सांगता आले नाही, किंवा सकाळी उठवत नसेल, तर मालकाशी बोलून तास कमी करून घ्या.