बास्केटखालची जागा : जून मार फहार्दो

१९७५ साली सुरू झालेली ‘फिलिपाइन बास्केटबॉल असोसिएशन’ (पीबीए) ही आशियातील पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग असून तिच्यातील संघ शहरांच्या नव्हे, तर कंपन्यांच्या नावाने खेळतात. त्यांपैकी सॅन मिगेल या मद्यनिर्मात्या कंपनीचा संघ आरंभापासून आजवर टिकून आहे आणि त्याच्या अलीकडच्या यशाचा आधार जून मार फहार्दो हा आहे. १९८९ साली सेबू बेटावर जन्मलेला हा ६ फूट १० इंच उंचीचा खेळाडू मनिलाच्या नामवंत महाविद्यालयीन संघांतून पुढे आलेला नाही. युनिव्हर्सिटी ऑफ सेबूकडून प्रादेशिक स्पर्धा गाजवून तो २०१२च्या ‘ड्राफ्ट’मध्ये, म्हणजे संघांनी नव्या खेळाडूंची क्रमाने निवड करण्याच्या प्रक्रियेत, पहिल्या क्रमांकावर निवडला गेला.

त्याच्या यशाचे श्रेय केवळ उंचीला देणे अन्यायाचे ठरेल. बास्केटलगतच्या रंगीत पट्ट्यात आक्रमक खेळाडूला सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही, म्हणून फहार्दो त्या पट्ट्याच्या अगदी कडेला, बास्केटकडे पाठ करून उभा राहतो; या जागेला ‘लो पोस्ट’ म्हणतात. पाठीवर प्रतिस्पर्ध्याचा भार घेत तो चेंडू मिळवतो, तो भार कोणत्या खांद्यावर अधिक आहे याचा अदमास घेतो आणि विरुद्ध बाजूने वळून जवळूनच चेंडू टाकतो. दुसरा रक्षक मदतीला धावला, तर बाहेर मोकळ्या राहिलेल्या सहकाऱ्याकडे चेंडू देतो. यात प्रेक्षकांचे डोळे दिपवणारे काहीच नाही, परंतु पुढे काय होणार हे ठाऊक असूनही ते थांबवता येत नाही, यातच त्याच्या कौशल्याची खरी थोरवी आहे.

लीगच्या मोसमात तीन स्पर्धा होतात. त्यांतील दोन स्पर्धांमध्ये संघांना ‘इम्पोर्ट’, म्हणजे परदेशी खेळाडू, घेता येतो. फिलिपाइन कपमध्ये मात्र ती मुभा नसल्यामुळे बास्केटखालची लढत स्थानिक खेळाडूंमध्येच होते. २०१५ ते २०१९ असे सलग पाच वेळा हा चषक सॅन मिगेलने जिंकला. त्यांतील २०१६च्या अंतिम मालिकेत गुडघ्याच्या दुखापतीमुळे फहार्दो पहिल्या चार सामन्यांना मुकला आणि संघ अलास्काविरुद्ध ०-३ असा पिछाडीवर पडला. चौथा सामना सहकाऱ्यांनी वाचवला, पाचव्यात तो परतला आणि मालिका ४-३ अशी जिंकून संघाने लीगच्या इतिहासात पूर्वी कधीही न घडलेली गोष्ट घडवली. लीगचे पूर्वीचे खेळाडू रामोन फर्नांडेझ आणि आल्विन पॅट्रिमोनिओ यांच्या नावावर मोसमातील सर्वोत्तम खेळाडूचे प्रत्येकी चार पुरस्कार होते. फहार्दोने २०१४ ते २०१९ या काळात ओळीने सहा मिळवले.

फेब्रुवारी २०२०मध्ये सरावात त्याच्या उजव्या पायाच्या नडगीचे हाड मोडले आणि तो संपूर्ण मोसम हातचा गेला. पुढच्या वर्षी त्याने आई गमावली. मोडलेल्या पायावर पुन्हा पाठीने भार रेटण्याचा खेळ उभा करणे ही त्याच्या कारकिर्दीतील सर्वांत कठीण आणि सर्वांत आदरास पात्र कामगिरी होय. २०२३मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत फिलिपिन्सने १९६२नंतर प्रथमच बास्केटबॉलचे सुवर्णपदक जिंकले तेव्हा तो संघात होता, आणि २०२५पर्यंत त्याच्या पुरस्कारांची संख्या नऊवर गेली.

त्याने वयाची पस्तिशी ओलांडली तरी त्याच्याएवढा समर्थ दुसरा स्थानिक ‘सेंटर’, म्हणजे बास्केटखाली खेळणारा उंच खेळाडू, लीगला लाभलेला नाही, ही बाब मात्र चिंतेची आहे. पीबीएमध्ये मासिक मानधनाची कमाल मर्यादा ४,२०,००० पेसो असल्याने गुणी तरुण जपानच्या लीगकडे वळत आहेत. ७ फुटांहून उंच असलेला काई सोटो तर पीबीएत न खेळताच ऑस्ट्रेलियात आणि तेथून जपानमध्ये गेला. लीगने ही मर्यादा लवकर वाढवली पाहिजे, अन्यथा परदेशी खेळाडूंविना होणारा फिलिपाइन कप देशातील उत्तम उंच खेळाडूंविनाही खेळवावा लागेल.