चलांची नावे आणि मराठी वर्णभेद

मुक्तस्रोत आज्ञावलीत कोणी भर घातली म्हणजे ती स्वीकारण्यापूर्वी दुसऱ्या जाणकाराने तपासावी, अशी प्रथा आहे. या तपासणीत चलांच्या नावांकडे, म्हणजे बदलत्या मूल्यांना आज्ञावलीत दिलेल्या नावांकडे, विशेष लक्ष पुरविले जाते. पायथन भाषेपुरता २००१ साली गिडो व्हान रॉसम आणि बॅरी वॉर्सा यांनी सिद्ध केलेला शैलीसंकेत सर्वपरिचित आहे. चलाचे नाव लहान रोमन अक्षरांत लिहावे व दोन शब्दांमध्ये अधोरेषा घालावी, असे तो सांगतो. त्या भाषेच्या प्रमाण संग्रहात शक्य तेथे इंग्रजी शब्दच योजावेत, असाही त्याचा आग्रह आहे. सामान्यनामांची अडचण यामुळे दूर होते. विशेषनामांचे मात्र भाषांतर होत नाही.

सावित्रीच्या खोऱ्यातील महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके उदाहरणादाखल घ्यावेत. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुराखाली गेले. त्याच दिवशी तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पोलादपूर तालुक्यातही दरडी कोसळल्या. अशा प्रदेशासाठी कोणी नदीच्या पातळीची आज्ञावली लिहिली, असे समजू. गावांच्या नावांपासूनच वर्णलोपास आरंभ होतो. महाडमधील ड मूर्धन्य, तर पोलादपूरमधील द दंत्य. रोमन लेखनात दोहोंसाठी ‘डी’ हे एकच अक्षर येते. येथे गाव ओळखता येते, म्हणून हानी होत नाही. परंतु महाड तालुक्यातून वाहत येऊन सावित्रीस मिळणाऱ्या काळ नदीची गोष्ट वेगळी आहे. ‘के-ए-एल’ ही तीन अक्षरे आणि त्यापुढे पातळीवाचक शब्द असे नाव दिसले, तर ती काळ नदीची पातळी की कालची पातळी? नाव शैलीसंकेतानुसार निर्दोष आहे. परीक्षक मराठी जाणणारा नसेल तर त्याला शंकाही येणार नाही. परिणामी आजच्या जागी कालचा आकडा वाचला जाण्याचा संभव राहतो, आणि पुराच्या रात्री हा फरक क्षुल्लक नव्हे.

यावर आयट्रान्ससारख्या लिप्यंतर-पद्धतीचा उपाय सुचेल. तीत ल लहान अक्षराने व ळ मोठ्या अक्षराने दाखवितात. द आणि ड यांचेही तसेच. पण मोठी अक्षरे चलनावात नकोत, हाच तर शैलीसंकेताचा दंडक! म्हणजे परीक्षकाने नियमनिष्ठेने केलेली दुरुस्तीच नेमका वर्णभेद पुसून टाकते.

मग देवनागरीतच नावे का लिहू नयेत? पायथनच्या २००८ मधील तिसऱ्या आवृत्तीपासून त्यास मुभा आहे. तथापि मराठीला येथे आपलीच एक जुनी खोड नडते. पोलादपूरच्या ‘दऱ्या’ आणि सावित्री ज्यास मिळते तो ‘दर्या’ यांतील भेद केवळ र-काराच्या जोडणीचा आहे. (रोमन लेखनात तर दोन्ही एकच.) ‘दऱ्या’ हा शब्द संगणकावर दोन प्रकारे टंकित होतो: एकदा ‘ऱ’ हे स्वतंत्र वर्णचिन्ह वापरून, एकदा साध्या ‘र’ व हलन्तानंतर अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांस दोन्ही रूपे सारखीच दिसतात. पायथन अदृश्य चिन्ह असलेले नाव नाकारते, त्यामुळे चूक लगेच उघडी पडते. जावास्क्रिप्ट मात्र ते स्वीकारते आणि दिसण्यात एकरूप अशी दोन निराळी चले मानते. छापील प्रत कितीही बारकाईने वाचली तरी हा दोष सापडत नाही.

असे असता नावाचा आकार तपासून परीक्षण पुरे झाले, असे मानणे योग्य नव्हे. ज्या नावावरून दोन मराठी शब्दांकडे जाता येते ते नाव, आकाराने शुद्ध असले तरी, परत पाठवावे हे उचित. नदीच्या नावामागे नदीवाचक शब्द जोडला की काळ नदीचा प्रश्न सुटतो. मूळ देवनागरी रूप चलाच्या नावात न ठेवता माहितीच्या कोष्टकात ठेवणे सोयीचे. त्या कोष्टकात ‘दऱ्या’चे कोणते रूप मान्य, हे मात्र आधी ठरवून लिहून ठेवावे लागते, एरवी ‘दऱ्या’ शोधणाऱ्यास निम्म्याच दऱ्या सापडतील.