विंडोज तसंच ठेवून शेजारी लिनक्स

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हा: "लॅपटॉप ठणठणीत आहे, पण विंडोज ११ घेत नाही. आता काय करू?" बडोद्याच्या एका काकूंना तर दुकानदाराने थेट नवीन घ्यायलाच सांगितलंय.

थांबा, काकू. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा लागतो. पण अशा जुन्या लॅपटॉपवर, रॅम ४ जीबी असेल तरी, लिनक्स मिंट चालतं आणि ते फुकट आहे. मग विंडोज काढूनच का टाकू नये? कारण टॅलीचा हिशेब, जुना प्रिंटर, डिजिटल सहीचं टोकन, असं काहीतरी तिथे अडकलेलं असतंच. म्हणून दोन्ही ठेवायची. लॅपटॉप सुरू केला की यादी येते, हवं ते निवडायचं. यालाच ड्युअल बूट म्हणतात. दोन्ही एकाच वेळी मात्र चालत नाहीत, बरं का.

आता माझी फजिती सांगतो. पहिल्यांदा लिनक्स टाकताना पडद्यावर दोन पर्याय आले: 'विंडोजच्या शेजारी बसवा' आणि 'डिस्क पुसून बसवा'. रात्रीचा एक वाजलेला, डोळ्यांवर झोप. मी दुसरा दाबला. बाबांच्या साठीशांतीचे सगळे फोटो त्या डिस्कवर होते आणि दुसरीकडे कुठेच नव्हते. फोटोग्राफरनेही त्याच्याकडचे केव्हाच पुसले होते.

म्हणून पहिलं काम: सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. नुसतं उतरवू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवर चार फाइल उघडून बघा.

दुसरं बिटलॉकर. विंडोजने तुमच्या नकळत डिस्कला कुलूप लावलेलं असू शकतं. होम आवृत्तीत त्याला डिव्हाइस एन्क्रिप्शन म्हणतात. एरवी ते जाणवतही नाही. पण सुरू होण्याचा क्रम बदलला, की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती नसेल तर डेटा समोर असून हाती लागत नाही. सेटिंग्जमध्ये बघा, चालू असेल तर की कागदावर उतरवा आणि मग ते बंद करा. कुलूप निघायला वेळ लागतो, मध्येच लॅपटॉप बंद करू नका.

तिसरं, फास्ट स्टार्टअप बंद करा. ते चालू असताना विंडोज पूर्ण झोपत नाही, एक डोळा उघडा ठेवतं. मग लिनक्सला त्या भागात नीट लिहिता येत नाही.

इतकं झालं की पुढचं सोपं. विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन सी ड्राइव्ह आकसून ५० ते १०० जीबी मोकळे करा. त्या मोकळ्या जागेला नाव, फॉरमॅट काही देऊ नका. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर रुफसने मिंट चढवा आणि त्यावरून लॅपटॉप सुरू करा. काहीही न बसवता मिंट वापरून बघता येतं. वायफाय, आवाज, मराठी टायपिंग तिथेच तपासा. पसंत पडलं तरच इन्स्टॉल, आणि पर्याय 'शेजारी' हाच. तो दिसतच नसेल तर बाहेर पडा आणि बिटलॉकर खरंच बंद झालंय का बघा. पुसण्याचा पर्याय नाइलाज म्हणूनसुद्धा दाबायचा नाही.

दुसऱ्या दिवशी विंडोजमधलं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर घाबरू नका. लॅपटॉपच्या आतल्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं, विंडोज स्थानिक. आपला फरक नेमका साडेपाच तासांचा. लिनक्सला स्थानिक वेळ ठेवायला सांगितलं की मिटतं.

आणि पुढे कधी लिनक्स नको झालं, तर विंडोजमधून थेट त्याची जागा पुसू नका. सुरुवातीची यादी लिनक्सकडूनच येते. ती गेली की काळ्या पडद्यावर अडकाल. आधी बायोसमध्ये जाऊन विंडोज बूट मॅनेजर पहिल्या क्रमांकावर आणा, विंडोज सरळ सुरू होतंय याची खात्री करा, मगच ती जागा मोकळी करा.