पुनरुद्भवी रोग आणि वन्यप्राणी

पुनरुद्भवी रोग म्हणजे नवा रोग, असा समज रूढ असला, तरी तो ओसरल्यासारखा वाटून पुन्हा डोके वर काढणारा जुनाच रोग असतो. शेत खुरपले तरी जमिनीतल्या काशांतून हरळी फुटते, तसाच परजीवी (दुसऱ्या जिवावर जगणारा जीव) गुराढोरांत टिकून राहतो. १८८० मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांना आढळलेला, रक्ताच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली वळवळताना दिसणारा ‘ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी’ हा असाच परजीवी टॅबॅनस माश्यांच्या चाव्यातून पसरतो व ‘सर्रा’ हा रोग घडवतो, ज्याने २००० साली ओडिशातील नंदनकानन प्राणिसंग्रहालयातील वाघ दगावले. २००४ मध्ये नागपूरशेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याच्या रक्तातही हा परजीवी सापडला. म्हणूनच जंगलालगत चरणाऱ्या गुरांची रक्ततपासणी हा वन्यजीव संरक्षणाचाच भाग ठरतो.