झाडांना पालवी फुटण्याआधीचा सूर्य

कॅनडा, अमेरिका किंवा ब्रिटनमधल्या रोपवाटिकांच्या याद्यांत स्नोड्रॉप, सिला, ब्लूबेल अशा वसंतात फुलणाऱ्या कंदांपुढे ‘सावलीत चालेल’ असा शेरा हमखास असतो. त्या मुलखात स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही तो वाचून घरामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यासाठी हे कंद घेतात. शेरा खोटा नाही, पण अर्धवट आहे. यातले बहुतेक कंद सावलीवर जगत नाहीत. सावली पडायच्या आत ते आपला वर्षाचा उजेड मिळवून मोकळे होतात. त्यामुळे जागा निवडताना तिथे सावली किती आहे यापेक्षा ती केव्हा पडते हे पाहायला हवे.

या वनस्पतींचे मूळ घर म्हणजे ओक, बीच, मॅपल अशा पानगळीच्या वृक्षांची जंगले. उन्हाळ्यात तिथली पानांची छत्री पूर्ण पसरली की दाट रानात जमिनीपर्यंत दहा टक्क्यांहूनही कमी प्रकाश पोहोचतो. बर्फ वितळल्यापासून झाडांना पालवी फुटेपर्यंतच्या काही आठवड्यांत मात्र फांद्या उघड्या असतात आणि जमिनीवर ऊन पसरते. कंद याच फटीत पाने काढतो, फुलतो, बी धरतो, पुढच्या वर्षाचे अन्न साठवतो आणि उन्हाळ्याच्या आसपास जमिनीखाली निजतो. सह्याद्रीतली रानहळद पावसाच्या वेळापत्रकावर जगते, तसे इथले वेळापत्रक उजेडाचे असते. ब्रिटनमध्ये ब्लॅकमन आणि रटर या संशोधकांनी 1940च्या दशकात ब्लूबेलचा नेमका हाच प्रश्न तपासला. ब्लूबेल रानातच दिसते, म्हणून ती सावलीची वनस्पती असावी असा समज होता. प्रत्यक्षात प्रकाश कमी केला की तिची वाढही कमी होते, असे त्यांना आढळले. उघड्या माळावर ती सहसा दिसत नाही यामागे गवताची स्पर्धा, चराई आणि तुडवणूक ही कारणे आहेत. जास्त ऊन हे कारण नव्हे. थोडक्यात, एखादी वनस्पती कुठे आढळते यावरून तिला काय आवडते याचा निष्कर्ष काढणे धोक्याचे असते.

यावर अनुभवी बागवानांचा एक आक्षेप असतो: सदाहरित झाडाखाली किंवा भिंतीच्या कायमच्या छायेतही हे कंद फुललेले दिसतात, त्याचे काय? दिसतात, यात शंका नाही, पण पहिल्या वसंतातले फूल हा त्या जागेच्या बाजूने पुरावा होत नाही. शरद ऋतूत विकत घेतलेल्या ट्यूलिप किंवा डॅफोडिलच्या कंदात फुलाची कळी आधीच घडलेली असते आणि ती उमलायला लागणारे अन्नही भरलेले असते. ते अन्न ज्या शेतात कंद वाढला तिथल्या उन्हाने दिलेले असते. तुमच्या कोपऱ्याची परीक्षा त्यानंतर सुरू होते. उजेड अपुरा पडला की दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी नुसती पाने येतात आणि हळूहळू कंद झिजत जातो. याच कारणाने फुले गळल्यावर पाने ‘अस्ताव्यस्त दिसतात’ म्हणून कापणे किंवा त्यांच्या गाठी बांधणे चुकीचे आहे. पुढच्या वर्षीचे फूल ती हिरवी पानेच घडवत असतात. निदान सहा आठवडे, आणि शक्य असेल तर ती आपोआप पिवळी पडेपर्यंत, त्यांना हात लावू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. उजेड इतका मोलाचा असेल, तर झाडाखाली लावायचेच कशाला? सरळ उघड्या वाफ्यात का नाही? ट्यूलिपसारख्या कोरड्या, उघड्या डोंगरउतारांवरच्या कंदांसाठी ते उत्तर बरोबरच आहे. रानातल्या कंदांना मात्र उजेडाइतकाच गारवाही लागतो. पूर्व उत्तर अमेरिकेतल्या ट्राउट लिलीवर क्विबेकमध्ये झालेल्या प्रयोगांत थंड हवेत वाढलेल्या रोपांची पाने जास्त दिवस टिकली आणि त्यांचे कंद मोठे झाले. ऊबदार हवेत कंद अन्न साठवण्याचे काम लवकर थांबवतो आणि पानेही लवकर वाळतात. पानझडी झाडाखाली या दोन्ही गरजा भागतात: वसंतात ऊन मिळते, आणि नंतर छाया पडून माती तापत नाही. म्हणजे झाडाची सावली कंदाला उपयोगी पडते, पण पानांचे काम उरकत आल्यावर.

हा हिशेब आता हवामानबदलामुळे डळमळू लागला आहे. अमेरिकेतल्या कॉन्कॉर्ड इथे निसर्गलेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी 1850च्या दशकात केलेल्या नोंदी आजच्या निरीक्षणांशी ताडून 2019 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वसंत तापू लागल्यावर तिथल्या झाडांची पालवी रानफुलांपेक्षा अधिक अलीकडे सरकली आहे, असे त्यात दिसले. फुलेही पूर्वीपेक्षा लवकर येतात, पण पालवीची वेळ त्याहून जास्त अलीकडे आली आहे, आणि मधली उजेडाची फट आक्रसत चालली आहे. बागेत निदान काही गोष्टी आपल्या हाती असतात. दाट छत्रीच्या झाडाच्या खालच्या फांद्या विरळ करता येतात, उशिरा पालवणाऱ्या ओकखालची जागा निवडता येते, स्नोड्रॉपसारख्या अगदी लवकर जागणाऱ्या जातींना प्राधान्य देता येते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जागेची पारख भर उन्हाळ्यात करू नये. मार्च-एप्रिलमध्ये तिथे दिवसाचे किती तास ऊन येते ते पाहावे, आणि शरद ऋतूत कंद तिथेच लावावेत.